पाळणाघरातले पथ्य



वसंत व्याख्यानमाला म्हटली की न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. १८७५ साली त्यांनी पुण्यास ही प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास, अर्थकारण, धर्म, राज्यकारभार अशा थोर विषयांवर चार शहाण्या माणसांचे विचार ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. आमचा आजचा विषय त्या मानाने दाण्याच्या कुटाएवढा आहे. अलंकार म्हणून हे म्हणत नाही. आम्ही खरोखरच दाण्याच्या कुटाविषयी बोलणार आहोत, आणि एका उलथन्याविषयी.

प्रथम आम्ही कोण ते सांगतो. आम्ही दोघी जावा. खोताच्या वाडीत, घराच्या तळमजल्यावर, गेली काही वर्षे पाळणाघर चालवतो. मुले कधी बारा, कधी चौदा. वाडी तुम्हां गिरगावकरांना सांगायला नको. दादोबा वामन खोत यांच्या नावाची, पाठारे प्रभूंची जमीन आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे, लाकडी जिने, कठड्याच्या पडव्या. एके काळी अशी साठ-पासष्ट घरे होती म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरली नाहीत. पण वाडीची एक रीत अजून टिकून आहे. इथे मूल रस्त्यातून चालले की ते कोणाचे आहे हे न विचारता त्याच्या हातावर काहीतरी ठेवले जाते. नाताळात करंजी, गणपतीत मोदक, मध्येच कोणाकडचा केक. आम्ही त्या रीतीवरच वाढलो. मुलाला खायला घालणे ही माया, आणि मायेला चौकशीची गरज नाही, असा आमचा समज होता.

त्या समजाला २०१९ च्या आषाढी एकादशीला तडा गेला.

आमच्याकडे तेव्हा साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. तिला आपण छोटी म्हणू. आईवडील दोघे नोकरीला. नाव घालताना आई जाता जाता म्हणाली होती, ‘हिला दाणे देऊ नका हं, तिला सोसत नाहीत.’ आम्ही बरे म्हटले. सोसत नाहीत, चालत नाहीत, आवडत नाहीत हे शब्द आमच्या कानांवर रोज पडतात. एकाला दुधाची साय चालत नाही, एकाला वांगे चालत नाही, एकीला काल चालत नव्हते ते आज चालते. आम्ही वहीत ‘दाणे नकोत’ एवढे लिहिले आणि पान उलटले.

एकादशी दुप्पट खाशी हे मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक लागू. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली होती. खिचडीत कूट असणार, म्हणून छोटीसाठी वेगळ्या कढईत नुसती जिरे-मिरची घातलेली बटाट्याची भाजी केली. आमच्या मनाने आम्ही पुरती काळजी घेतली होती. आम्हां दोघींपैकी एक मुलांचे हात धूत होती, दुसरी पाने मांडत होती, आणि स्वयंपाकघरात आमच्या मदतनीस मावशी होत्या. मावशींनी खिचडी परतली आणि त्याच उलथन्याने बटाटा परतला. त्यांची यात काय चूक? त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. वही आमच्या टेबलाच्या खणात होती.

चार घास खाल्ल्यावर छोटीने पान सरकवले. मानेवर, पोटावर लाल चट्टे उठले. आपल्याकडे याला नाव आहे, अंगावर पित्त उठले म्हणतात, आणि त्यावर घरोघरी औषधही आहे. आम्ही आमसुले भिजत घातली आणि ते पाणी तिच्या अंगाला चोळू लागलो. आमच्या सासूबाई असेच करीत. चोळता चोळता तिचा वरचा ओठ सुजला. तिने दोनदा खोकून उलटी केली. आम्हांला वाटले, बरे झाले, पित्त पडले. मग ती रडायची थांबली आणि आमच्या मांडीवर गप्प पडून राहिली, तेव्हा तर आम्हांला हायसे वाटले. हे सांगताना आजही लाज वाटते. आम्ही त्या मुलीच्या शांत होण्याने सुखावलो होतो.

शेजारच्या घरात एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत. उभा जन्म रुग्णालयात परिचारिकेचे काम केलेल्या. त्या सहज पडवीत आल्या होत्या. छोटीने पाणी मागितले, आणि तिचा घोगरा झालेला आवाज त्यांच्या कानी पडला. त्यांनी तिची छाती पाहिली, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. म्हणाल्या, ‘हे पित्त नाय, बाय. गाडी बघ आधी.’

खोताच्या वाडीत गाडी येत नाही. स्कूटर आली तरी माणसाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. जुलैचा पाऊस लागला होता. आम्ही छोटीला खांद्यावर उभी धरून धावत जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर आलो आणि मिळाली त्या टॅक्सीत बसलो. रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांनी काय खाल्ले एवढे विचारले, आणि आम्ही ‘बटाट्याची भाजी’ म्हणालो. मग धाकटीला एकदम उलथने आठवले. डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूस एक इंजेक्शन दिले. ते ॲड्रेनलिनचे. पाच-दहा मिनिटांत तिचा श्वास मोकळा होऊ लागला. रात्रभर तिला तेथेच ठेवले, कारण हा प्रकार ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

आम्ही वेळेत पोचलो ते शेजारच्या बाईंच्या कानांमुळे. आमसुलाच्या पाण्यात आमची दहा मिनिटे तरी गेली होती. आमसुलाची निंदा आम्ही करीत नाही. अंगावरच्या साध्या खाजेला ते थंडावा देत असेल. पण चट्ट्यांच्या जोडीला ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बदलणे, खोकला, छातीत घरघर, पुन्हा पुन्हा उलटी, मूल एकाएकी मलूल होणे, यांतले काही दिसले तर ते पित्त नव्हे. तेथे घरगुती उपायाला जागा नाही. ॲलर्जीची जी गोळी किंवा गोड औषध आपण घरात ठेवतो तेही चट्टे कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. आणि आणखी एक गोष्ट आम्ही त्या दिवशी चुकीची केली. अशा मुलाला उभे धरू नये, चालवू नये. आडवे निजवावे, पाय उंच करावेत. श्वास लागला असेल तर बसते ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभे केल्याने माणसे दगावली आहेत. आम्ही मात्र तिला खांद्यावर उभी घेऊन धावलो होतो.

पुढे डॉक्टरांनी आम्हांला बसवून जे समजावले ते थोडक्यात सांगतो. ॲलर्जी हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. आपल्या मराठी विश्वकोशात तिला अधिहृषता असे नाव आहे. शब्द शास्त्रशुद्ध असेल, पण मावशींच्या तोंडी तो बसेना, म्हणून पाळणाघरात आम्ही ॲलर्जीच म्हणतो. शरीर जंतूंशी लढते तसे ते एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजू लागते. त्यासाठी रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड तयार होते; त्याचा शोध १९६६ साली इशिझाका या जपानी पतिपत्नींनी लावला. हे प्रतिपिंड काही पेशींवर पहाऱ्यासारखे बसून राहते, आणि ते अन्न पुन्हा पोटात गेले की त्या पेशी आपल्या जवळची दाहक द्रव्ये एकदम सोडून देतात. मग कातडी, घसा, फुप्फुसे, रक्तवाहिन्या सगळीकडे एकाच वेळी गोंधळ माजतो. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणे वेगळे, हे वेगळे. तेथे प्रमाणाला महत्त्व असते. येथे उलथन्याला चिकटलेले कूटही पुरते.

शतकाच्या आरंभी पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री प्राण्यांच्या विषावर कुत्र्यांत प्रयोग केले. पहिल्या मात्रेने ज्या कुत्र्याला काही झाले नाही, तोच काही आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेने मेला. रिशे यांना या कामाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘मागे एकदा खाल्ले होते, काही झाले नाही’ असे कोणी म्हणू लागले की आम्हांला तो कुत्रा आठवतो.

आता तुम्ही म्हणाल, गिरगावात एवढी वर्षे घरोघर कूट खाल्ले गेले, कोणाला काही झाल्याचे ऐकले नाही. खरे आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, मिरची, साबुदाण्याचा कंद हेही तिकडचेच. आपल्या उपासाच्या पानातले निम्मे पाहुणे परदेशी आहेत, ही गंमत जाता जाता सांगतो. पण दाणे इथे रुळले, आणि त्यांची ॲलर्जी आपल्याकडे विलायतेच्या मानाने विरळाच आढळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत बंगळूर-म्हैसूर भागातील शाळकरी मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचे संभाव्य प्रमाण ०.१४ टक्के दिसले, म्हणजे हजारात एक-दोन मुले. हाँगकाँगमध्ये तेच दीड टक्का होते. हे ऐकून पुष्कळांना दिलासा वाटतो, पण आमच्या धंद्यात हेच विरळपण घातक ठरते. जे वारंवार घडते ते ओळखता येते. ताप कसा चढतो, गोवर कसा दिसतो, हे आम्हां बायकांना झोपेतही कळते. ज्या पाळणाघरात वीस वर्षांत एकदाच असे मूल येते, तेथे ते आमसुलाच्या पाण्यानेच हाताळले जाणार.

न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे हा विषय घरोघर ठाऊक आहे, तिथेसुद्धा काय घडले पाहा. २०१७ च्या नोव्हेंबरात एलायजा सिल्व्हेरा नावाच्या तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या पाळणाघरात चीज घातलेले सँडविच देण्यात आले. त्याला दुधाची तीव्र ॲलर्जी आहे हे तेथे कळवलेले होते. त्रास सुरू झाल्यावर रुग्णवाहिकेऐवजी आईला फोन गेला, आणि सँडविचची गोष्ट तिला सांगितली गेली नाही, असे त्याच्या वडिलांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मूल गेले. आईवडिलांनी खटपट करून २०१९ साली त्याच्या नावाचा कायदा करवून घेतला. त्या राज्यातील पाळणाघरांना असा प्रसंग टाळण्याचे आणि हाताळण्याचे शिक्षण देणे त्याने आवश्यक केले. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या लक्षात आले की कागद तिथेही होता. आमची वही होती तसाच. कागदापासून कढईपर्यंतचे अंतर मात्र कोणी चालून गेले नाही.

आपल्याकडे कायद्याने पाळणाघराचा विचार पूर्वीपासून केला आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या मुलांसाठी खोली ठेवण्याची तरतूद होती, आणि मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण कायद्याला खोली मोजता येते, उलथनी मोजता येत नाहीत. ती आम्हीच मोजायची.

छोटी आठ दिवसांनी परत आली. तिच्या आईने आम्हांला दोष दिला नाही, तीच मान खाली घालून बसली होती. मग हळूहळू सगळे बाहेर आले. चौदा महिन्यांची असताना शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा तोंडात गेला आणि असेच झाले होते. पहिल्या पाळणाघरात तिने हे खरे सांगितले, तर त्यांनी मुलगी घ्यायला नकार दिला. घरातली वडील मंडळी म्हणाली, मुलीची जात, गावभर बोभाटा नको, पुढे लग्नाच्या वेळी आडवे येईल. म्हणून आमच्याकडे ‘सोसत नाहीत’ एवढेच. आम्ही त्या आईवर रागावू शकलो नाही. खरे सांगितल्याची शिक्षा मिळते हे तिला एकदा कळले होते. तेव्हापासून आमच्याकडे नाव घालताना आम्ही ‘ॲलर्जी आहे का’ असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. आम्ही विचारतो, काय खाल्ल्यावर कधी अंगावर पित्त उठले होते? ओठ सुजला, लगेच उलटी झाली, असे कधी झाले? आणि हे विचारण्याआधी सांगतो की उत्तर काहीही आले तरी मूल आम्ही घेणार आहोत.

आता जे आम्ही चुकीचे केले ते सांगतो, आणि हे उलथन्यापेक्षा मोठे आहे.

घाबरलेल्या माणसाला पहिली गोष्ट सुचते ती वेगळे करण्याची. आम्ही छोटीसाठी खिडकीपाशी वेगळे छोटे टेबल मांडले. लाल रंगाचे ताट, लाल पेला, लाल चमचा. दुसऱ्या मुलांना ताकीद दिली की तिच्या ताटाला हात लावायचा नाही. मुले फार आज्ञाधारक असतात, आपल्याला वाटते त्याहून अधिक. पंधराएक दिवसांनी दुपारी मुले भातुकली खेळत होती. बाहुल्यांची पंगत मांडली होती. एक बाहुली पंगतीतून उचलून दाराबाहेर ठेवली होती, आणि चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्याला दरडावून सांगत होता, ‘हिला शिवायचं नाही. ही वेगळी आहे.’ छोटी खेळात होती. ती त्या बाहुलीशेजारी दाराबाहेर बसली होती. कोणी बसवले नव्हते, तिला आपली जागा समजली होती.

बंधुभगिनींनो, या देशात वेगळे पान ही साधी गोष्ट नाही. कोणाच्या हाताला पाण्याचा पेला लावू द्यायचा नाही, कोणाला पंगतीच्या बाहेर बसवायचे, या कलेत आपले वाडवडील तरबेज होते, आणि ती पंगत मोडण्यासाठी समतानंद अनंत हरि गद्रे यांच्यासारख्यांना झुणकाभाकरीची सहभोजने घालावी लागली. आमच्या घरात सोवळ्याची भांडी वेगळी होती हे आम्हां दोघींना आठवते. त्या सगळ्या कडकपणाचा रोख माणसावर होता, वस्तूवर नव्हता. आणि आम्ही, चांगल्या हेतूने, नेमके तेच पुन्हा केले होते. वेगळी करायची होती दाण्याची बरणी, केली मुलगी.

ते टेबल आम्ही त्याच संध्याकाळी उचलले. कूट, दाणे, चिक्की पाळणाघराच्या स्वयंपाकातून सर्वांसाठी बंद केली. उलथनी, कढई, मिक्सरचे भांडे नवे घेतले. वरच्या मजल्यावरच्या आमच्या घरच्या स्वयंपाकातली वस्तू खाली येत नाही. खिचडीत आता कूट नसते, खोबरे असते. चवीला ती कमीच, हे कबूल करतो. तेलाचाही विचार करावा लागला. शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण हल्ली ज्या घाण्यावरच्या तेलाची आवड पुन्हा वाढली आहे त्यात ते राहू शकते. हात धुण्याविषयी तर आम्ही चकितच झालो. दुकानात मिळणारे हाताला चोळायचे जंतुनाशक जंतू मारते, पण दाण्याचे प्रथिन तसेच ठेवते. ते जाते साबण आणि वाहत्या पाण्याने. म्हणून डबा खाऊन आलेल्या प्रत्येक मुलाचे हात साबणानेच धुतले जातात.

हे सर्व पालकांना रुचले असे नाही. ‘एका मुलीसाठी आमच्या मुलाने दाणे का सोडायचे’ असे एका गृहस्थांनी विचारले, आणि आपली दोन्ही मुले काढून घेतली. त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असे आम्हांला वाटत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीत, जिथे गरिबाच्या मुलाच्या पोटात दिवसाचे बरेचसे प्रथिन दाण्याच्या लाडवातून किंवा चिक्कीतून जाते, तिथे कोणी एका मुलासाठी दाणे बंद करू लागले तर आम्हीच त्याला विरोध करू. पाचशे मुलांच्या शाळेत तर अशी बंदी कागदावरच राहील, आणि कागदावरच्या बंदीने लोक निर्धास्त होतात, ते अधिक वाईट. तिथे वाढणाऱ्या हातांना शिकवणे, प्रथम त्या मुलाचे पान वाढणे, त्याला मित्रांच्या मध्येच पण ओळखीच्या जागी बसवणे, हेच करता येईल. पण बारा मुलांच्या घरगुती पाळणाघरात बरणी बाहेर ठेवणे शक्य होते, म्हणून आम्ही ती ठेवली. आणि तरीही घरून आलेल्या डब्यात कूट येते ते येतेच. त्यामुळे मुलांना आम्ही एकच नियम शिकवला. आपला घास आपण खायचा, दुसऱ्याला भरवायचा नाही. वाटून खा म्हणून शिकवण्यात आमचा जन्म गेला. हा नियम सांगताना जीभ अडखळते.

सण हा वेगळाच कठीण मामला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. गिरगावात भाद्रपदात मूल दारोदार प्रसाद खाते. पंचखाद्यात काय आहे, मोदकाच्या सारणात काय आहे, हे विचारणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी आपली समजूत. नाताळात शेजारच्या घरांतून काजूच्या मार्झिपानचे ताट येते. दाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू-बदामही बाधतात. छोटीला बाधतात की नाही याची तपासणी होईपर्यंत आम्ही तेही थांबवले होते. त्याच शेजारच्या बाईंनी वाडीत घरोघर जाऊन सांगितले की पाळणाघरातल्या मुलांना रस्त्यात काही देऊ नका, द्यायचे ते आमच्या दारात आणून द्या, आणि कशाचे आहे ते सांगा. लोकांनी ऐकले. विकतच्या पदार्थांवर आता २०२० च्या नियमांप्रमाणे दाणे, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, गहू यांची सूचना छापावी लागते, तेव्हा पाकीट वाचण्याची सवय लावून घ्यावी. पण त्या नियमांतल्या यादीत तीळ नव्हते, आणि वाण्याकडच्या सुट्या चिवड्याच्या पुडीवर तर काहीच लिहिलेले नसते. तिळाची गोष्ट क्षुल्लक नाही. २०१६ साली इंग्लंडातली नताशा एडनान-लॅपरूज ही पंधरा वर्षांची मुलगी पावात मिसळलेल्या तिळाने दगावली. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने २०२१ मध्ये तिथला कायदा बदलला. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणणाऱ्या आपल्या प्रांतात ही बातमी किती जणांनी वाचली असेल?

औषधाविषयी. परदेशात ॲड्रेनलिन भरलेली लेखणीसारखी पिचकारी मिळते, मांडीला दाबली की झाले. आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, आणि बाहेरून मागवावी तर महाग. मात्र ॲड्रेनलिनची कुपी स्वस्त आहे. छोटीच्या डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे मात्रा भरलेली, टोपण लावलेली सिरिंज तिच्या आईकडे आणि आमच्याकडे एकेक दिली. दर तीन महिन्यांनी ती बदलून देत. उन्हापासून, प्रकाशापासून ती जपावी लागते. टोचायचे कसे हे त्यांनी पाणी भरून मोसंब्यावर शिकवले. आम्हां दोघींचे हात कापत होते. मावशींचा हात सर्वांत स्थिर. केव्हा टोचायचे हे डॉक्टरांनी लेखी दिले आणि खाली आईवडिलांची संमतीची सही घेतली. हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच करवून घ्यावे, आमच्या सांगण्यावरून कोणी सुई हातात धरू नये. टोचल्यावर १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका वाडीच्या तोंडाशी येणार म्हणून एक माणूस रस्त्यावर उभा करायचा, कारण आमची गल्ली नव्या माणसाला सापडत नाही. आईला फोन त्यानंतर.

छोटीच्या आईने आम्हांला पुन्हा पुन्हा एक विचारले, तान्हेपणी मी दाणे दिले नाहीत म्हणून हे झाले का? या बाबतीत वैद्यकाने आपले मत उलटे फिरवले आहे. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगत होती की ज्या बाळांना धोका अधिक त्यांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका. २०१५ साली लंडनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे निवडून काहींना नियमाने दाण्याचे पदार्थ दिले, काहींना मुळीच दिले नाहीत. आरंभीच्या कातडीच्या चाचणीत ज्यांना काही दिसले नव्हते, त्यांच्यापैकी न खाल्लेल्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी निघाली, खाल्लेल्यांत १.९ टक्के. आपल्या उष्टावणानंतर आजी स्वतःच्या ताटातले बोटभर बाळाला चाटवते, त्यात कूट असतेच. तिला आता नव्या शास्त्राचा आधार मिळाला म्हणायचा. मात्र अख्खा दाणा लहानग्याच्या घशात अडकतो, तो देऊ नये. बाळाला जास्त इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याला ॲलर्जी आधीच आहे त्याच्यावर हा प्रयोग घरी करणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, की तू जे केलेस ते तुला त्या वेळी सगळ्यांनी सांगितले होते.

२०२० च्या संक्रांतीला आम्ही डॉक्टरांना विचारून डाळ्याचे कूट घालून तिळगूळ केला. तीळ छोटीला चालतात हे तपासून झाले होते. सर्व मुले एका सतरंजीवर बसली होती, एकाच परातीतून वड्या घेत होती. छोटीने वडी हातात धरून विचारले, ‘यात काय काय आहे?’ आम्ही सांगितले. शेजारच्या मुलाने आपली वडी तशीच हातात धरून विचारले, ‘माझ्यात काय काय आहे?’ मग सगळ्यांनीच विचारायला सुरुवात केली, आणि परात रिकामी होईपर्यंत आम्ही बारा वेळा तीळ, गूळ, डाळे, वेलदोडा असे म्हणत राहिलो. दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली आणि पाळणाघर बंद पडले. पुन्हा उघडले तोवर छोटी शाळेत गेली होती. आता ती मोठी झाली आहे. मागच्या दिवाळीत येऊन गेली. फराळाच्या ताटाकडे न पाहता आधी मावशींना भेटली, आणि मग ताटातल्या एकेका पदार्थाविषयी तिने आमची उलटतपासणी घेतली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, उलथन्यांच्या खुंट्यांवर, आम्ही एक तक्ता लावतो. त्यावर मुलाचा फोटो, काय द्यायचे नाही, कोणती चिन्हे दिसली तर काय करायचे, सिरिंज कोठे आहे, डॉक्टरांचा आणि आईचा फोन, एवढे मोठ्या अक्षरांत असते. मावशींना वाचायला त्रास होतो, म्हणून चिन्हांशेजारी चित्रे काढली आहेत. ओठांचे चित्र धाकटीने काढले आहे, ते फारसे जमलेले नाही. नावे आणि फोटो काढून टाकलेला तसा एक कोरा तक्ता आम्ही आज बरोबर आणला आहे. दारापाशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा ज्या भगिनी पाळणाघर चालवतात त्यांनी तो जाताना उतरवून घ्यावा, पेन्सिली आहेत.